वहिनीच्या लॅपटॉपची खरेदी समिती

जो निर्णय चुकला तरी आयुष्य फारसे बिघडत नाही, त्यावर माणूस सर्वांत जास्त विचार करतो. या बाबतीत आमच्या घराने आदर्श घालून दिला आहे.

वहिनीला काम मिळाले होते. एका दवाखान्यातले डॉक्टर रुग्ण तपासला की रेकॉर्डरवर बोलून ठेवणार, आणि तिने घरी बसून ते ऐकत टाइप करून द्यायचे. नोकरी सोडल्याला नऊ वर्षे झाली होती. एक तारखेला रुजू व्हायचे, लॅपटॉप आपला आपण आणायचा. हातात तीन आठवडे होते. जेवताना ती एवढेच म्हणाली, "स्वस्तातला एखादा घेऊन टाकू या."

"घेऊन टाकू या" हे शब्द दादाला लागले. दादा कचेरीत निविदा तपासतो. त्याच्या टेबलावरून आजवर एकही निविदा पहिल्या फेरीत पुढे गेलेली नाही. हात धुवायच्या आत समिती स्थापन झाली. अध्यक्ष दादा, ज्येष्ठ सल्लागार काका आणि तांत्रिक सदस्य मी (मला वायफायचा पासवर्ड पाठ आहे). चहा घेऊन यायचेच होते, म्हणून वहिनीला विशेष निमंत्रित केले.

ठरलेल्या रकमेत सगळे काही मिळते, फक्त एकत्र मिळत नाही, हे समितीच्या लवकरच लक्षात आले. रॅम भरपूर घ्यावा तर स्क्रीन इतका अंधूक की त्यात आपलाच चेहरा दिसावा. स्क्रीन झकास घ्यावा तर बॅटरी दोन तासांत मान टाकणार. बॅटरी दणकट हवी तर वजन असे की मांडीला मुंग्या याव्यात. काकांना नेमके हेच पसंत पडले. "जड वस्तू टिकते. आमच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट बघ, तीस वर्षं झाली." (कपाट टिकले आहे. उघडत नाही, ही गोष्ट वेगळी.)

मी ग्राफिक्स कार्डाचा आग्रह धरला.

"भाऊजी, मला फक्त टाइप करायचंय," वहिनी म्हणाली.

ही सूचना विषयाला सोडून असल्यामुळे इतिवृत्तात घेतली नाही.

पहिल्या आठवड्याअखेरची प्रगती अशी: बैठका अकरा, पाहिलेले व्हिडिओ त्रेसष्ट, चहा ब्याण्णव कप, विचारात घेतलेली मॉडेल सत्तावीस, बाद झालेली मॉडेल सत्तावीस. दादाने चौतीस रकान्यांचा तौलनिक तक्ता केला. तो उघडताना घरचा जुना संगणक कायमचा बंद पडला. त्यावरून प्रोसेसर चांगला हवा, असा निष्कर्ष निघाला.

दुसऱ्या आठवड्यात बातमी आली की पुढच्या महिन्यात नवे मॉडेल येते आहे. नवे आले की जुने स्वस्त होते, आणि जुने स्वस्त होईपर्यंत त्याहून नवे येते. म्हणजे जो कायम थांबतो, तो कायम फायद्यात राहतो. ठराव एकमताने संमत झाला.

"अहो, मग एक तारखेला मी कशावर टाइप करू?"

दादा दुखावला. "तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

आणि ते खरे होते. तो तिच्यासाठीच रात्री जागून डोळे लाल करून बसत होता. वहिनी कप उचलून आत गेली.

अठ्ठावीस तारखेच्या बैठकीत चहा आला नाही. समितीने वीस मिनिटे वाट पाहिली, मग चौकशी केली. वहिनी घरात नव्हती. ती परतली तेव्हा तिच्या काखेत खोके होते.

दादा तडक दुकानात जाब विचारायला गेला, मी साक्षीदार. दुकानदाराने सगळे सांगितले. बाईंनी स्वस्तातली अख्खी रांग उघडायला लावली. माहितीचा कागद वाचला नाही. प्रत्येकापुढे उभ्या राहून, डोळे मिटून त्यांनी एकच मजकूर टाइप केला: रुग्णाला तीन दिवस ताप आहे. पहिल्याची बटणे अडकत होती, दुसऱ्याची फार लहान, तिसऱ्याची खडखडत होती. पाचव्यावर त्या थांबेचनात.

"शेवटी मीच विचारलं, बाई, पेशंट बरा झाला का? म्हणाल्या, झाला. हाच द्या."

"रॅम नाही विचारला?"

"विचारला ना. कामापुरता आहे का, म्हणाल्या. मी हो म्हटलं."

"आणि?"

"आणि काय? विश्वास ठेवला."

दादाला खुर्ची द्यावी लागली.

एक तारखेला सकाळी खोलीचे दार लोटलेले होते. आतून बटणांचा आवाज येत होता, आधी अडखळत, मग सलग. दादा बाहेर बराच वेळ उभा राहिला. "हात अजून बसलेलाच आहे हिचा," तो हळूच म्हणाला आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याने चहाचे आधण ठेवले. (साखर विसरला.)

आता सात महिने झाले. दवाखान्याने तिला आणखी दोन डॉक्टरांचे काम दिले आहे.

हा वृत्तान्त मी आजवर बेचाळीस जणांना सांगितला. नऊ वर्षांनी एका बाईला काम मिळाले, ते टिकले, वाढले. बेचाळीसही जणांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. तुम्हीही त्यासाठीच इथवर थांबला आहात, म्हणून सांगतो: मॉडेल कोणते, ते वहिनी सांगत नाही. सांगितले तर तुम्ही बैठक बोलवाल, असे तिचे म्हणणे आहे.