ज्ञानबातात्यांचा पाहुणा

ज्ञानबातात्या दवाखान्यात शिरले की आधी धोतर वर सरकवत आणि पोटरीवर गेरूनं काढलेलं वर्तुळ दाखवत. "पाव्हणा हितं उतरलाय," म्हणत. पुढच्या खेपेला वर्तुळ दंडावर असे. "आता हिकडं मुक्कामाला हाय त्यो."

पाहुणा म्हणजे सुजलेली शीर. ती लाल व्हायची, दोरीसारखी कडक लागायची, ठणकायची. काही दिवसांनी तिथली सूज ओसरायची आणि भलतीचकडे दुसरी यायची. तात्या वरकुट्याचे नावाजलेले गुळवे. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे नुसत्या वासावर सांगत. त्यामुळे पाहुण्याचं आगतस्वागतही गुळानंच. "आल्यागेल्याला गूळपाणी नगं का?" असं म्हणून खडा मात्र स्वतःच्याच तोंडात टाकत.

मी इंदापूरच्या त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि रजिस्टरही माझ्याच गळ्यात होतं. प्रत्येक दुखणं छापील यादीतल्या एका आकड्याखाली बसवायचं. मी तात्यांची पोटरी पायाच्या रोगांत घातली, दंड हाताच्या आणि कुशीतली शीर पोटाच्या. वरच्या कचेरीतून विचारणा आली, वरकुट्याला कसली साथ आली आहे काय?

बारामतीहून बदलून आलेले आमचे डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अहो, रोग एकच आहे. शिरेत रक्त गोठतं, शीर सुजते आणि दुखणं हिंडत राहतं. जागा बदलली म्हणून नाव कशाला बदलता? शिरांच्या रोगांत घ्या आणि पुढे लिहा, फिरता, पुन्हा उद्भवलेला."

"म्हंजी पाव्हणा एकच न्हवं?" तात्या माझ्याकडं बघून म्हणाले. "मी कवापास्नं सांगतुया."

मला त्यांचा भयंकर राग आला.

डॉक्टरांनी त्यांना काहिलीपाशी उभं राहायला बंदी केली, पाय उंच ठेवून पडायला सांगितलं. तात्यांनी बाज गुऱ्हाळावरच नेली. पाचटाच्या ढिगावर पाय टाकून, डोळे मिटून ते हुकूम सोडत, "उतरवा आता."

उन्हाळ्यात पाहुणा फिरकला नाही. डॉक्टर खुशीत म्हणाले, "तात्या, आता दवाखान्यात यायचं काही कारण नाही."

"येऊच नगं म्हंता?" तात्यांनी विचारलं आणि गेरूचं बोट धोतराला पुसत बसले. बायको गेलेली, मुलगी सासरी कळंबला. दुखतंय का, असं त्यांना विचारणारं आमच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, हे माझ्या काही ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी तात्या हजर. मनगटाजवळ ताजं वर्तुळ. मी वाकून पाहिलं. ना लाली, ना सूज. मी बोलणार, तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि सावकाश दाबून पाहिला.

"दुखतंय?"

"व्हय," तात्या खाली बघत म्हणाले. "सांजच्याला जास्त. घरात गेलं की."

डॉक्टरांनी हात लगेच सोडला नाही. "पुढच्या बाजारी परत दाखवायला या."

रजिस्टर ओढून मी निमूट लिहिलं, फिरता, पुन्हा उद्भवलेला.

तात्यांनी कनवटीचा गूळ काढला. त्या दिवशी तो त्यांच्या तोंडात गेला नाही. एक खडा त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवला, एक माझ्यापुढे.