हायब्रिडच्या मागच्या सीटवर

आज इंदिराच्या तोंडून ‘गाडी चांगली आहे’ एवढे तीन शब्द वदवून घ्यायचेच, असा पणच करून शामसुंदरराव नाशिकहून निघाले. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी घेऊन महिना झाला, तरी इंदिराबाईंचं आपलं एकच पालुपद, “जुनीत काय वाईट होतं?”

जायचं होतं मात्र चांदवडला, श्रेयससाठी मुलगी बघायला. चिरंजीव तेहतीस वर्षांचे, आणि चार ठिकाणी जमता जमता फिसकटलेलं!

“आज गाडीचं पुराण लावू नका,” इंदिराबाईंनी बजावलं. “आज मुलाचं बघा!”

“अगं, गाडीमुळेच मुलाचं वजन वाढतं!”

पिंपळगावच्या पुढे चहाला थांबले. मागे बसलेले मायलेक उतरले, दोघांचे फोन गाडीतच चार्जिंगला. शामसुंदरराव स्टिअरिंग सोडून हलायला तयार नाहीत! ॲव्हरेजचा आकडा बघत बसले. थोड्या वेळाने मागचं दार उघडलं आणि धाडकन लागलं. बसली मंडळी, असं समजून त्यांनी गाडी काढली. ना घरघर, ना थरथर! बॅटरीवरची ती गाडी मांजराच्या पावलांनी हायवेला लागली.

इंदिराबाईंनी मात्र नुसता पेढ्यांचा बॉक्स आत ठेवला होता, आणि त्या श्रेयसला हाक मारायला मागे वळल्या होत्या!

“आता ऐक,” शामसुंदरराव रंगात आले. “सिग्नलला इंजिन बंद, म्हणजे पेट्रोल शून्य! ब्रेक दाबला की बॅटरी आपोआप चार्ज! पटतंय ना?”

मागे शांतता. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोने मध्येच न तोडलेलं हे पहिलंच भाषण! त्यांना अगदी भरून आलं. आरशात बघायचं तर नजर स्क्रीनवरून हलायला हवी ना! एक अनोळखी नंबर सारखा वाजत होता. “लोनवाले!” असं म्हणून ते दरवेळी कट करत होते आणि पुढच्या फायद्याकडे वळत होते.

चांदवडला मुलीचं अख्खं घर दारात उभं. शामसुंदररावांनी ऐटीत मागचं दार उघडलं. “या, नवरदेव!”

सीटवर पेढ्यांचा बॉक्स.

मुलीच्या वडिलांनी वाकून पाहिलं. “मुलगा कुठंय?”

“होता,” शामसुंदरराव पुटपुटले.

“होता म्हणजे?” मुलीची आत्या दचकली.

“म्हणजे... पिंपळगावपर्यंत नक्की होता!”

“अगं बाई! सख्खा मुलगा मागं राहिला तरी यांना पत्ता नाही, मग आमची पोर राहिली तर?” आत्याने पदर खोचला. “दादा, मला नाही पटत हे स्थळ!”

शामसुंदररावांनी कपाळावर हात मारला. पाचवं स्थळ आपण स्वतःच्या हाताने घालवलं! जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा राग आला. पण हार मानतील तर ते शामसुंदरराव कसले!

“आत्ता घेऊन येतो!” म्हणत ते वळले, तोच गल्लीच्या तोंडाशी खडखडाट झाला. कांद्याचा टेम्पो! पुढे इंदिराबाई, मागे गोण्यांवर नवरदेव, आणि नव्या कोऱ्या शर्टावर कांद्याची सालपटं.

टेम्पोवाला कोंडाजी त्याच गल्लीतला. “दादा, ही मंडळी रोडला हात करीत उभी व्हती. म्हनली, तुमच्याकडंच यायचंय. फोन लावून लावून बोट दुखलं, पन ह्ये पाव्हणे उचलायलाच तयार नाय!”

श्रेयस उतरला. समोर यशश्री, ज्या मुलीला बघायला आले तीच. गोंधळून तो म्हणाला, “सॉरी. फार वास येतोय का?”

“कांद्याचा? आमच्या घरात सगळ्यांच्याच अंगाला येतो!” यशश्री खळखळून हसली. आत्याचाही खोचलेला पदर सुटला.

पोहे झाले, दोघं अंगणात बोलून आले. शामसुंदरराव खुर्चीच्या टोकावर.

“काका, माझा होकार आहे,” यशश्री म्हणाली.

शामसुंदररावांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला. “मग ठरलं! वरातीला आपली हायब्रिड! फुलांनी मढवू!”

“नको काका, आम्ही दोघांनी कोंडाजीकाकांचा टेम्पो ठरवलाय.”

“टेम्पो? अगं, का?”

“तो निघाला की मागच्यांना कळतं!”