उणे वीस मागणाऱ्या नलूताई

"तुझ्याकडे उणे वीस आहे का?"

शेजारी राहायला आलेल्या नलूताईंनी पहिल्याच भेटीत मला हे विचारलं. इथे आखातात, उम्म अल हस्सममध्ये, ऑगस्टच्या भर दुपारी. शेजारणी विरजण मागतात हो!

नलूताई मानववंशशास्त्रज्ञ. इथल्या एका कॉलेजात शिकवतात आणि दर हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडच्या एका गावी जाऊन राहतात. समुद्रावरचा बर्फ पातळ झाला की त्यावर शिकार करणाऱ्यांचं जगणं कसं बदलतं, हा त्यांचा अभ्यास. मी एसीवाला इंजिनिअर. "म्हणजे तिकडचा बर्फ वितळवणारा तूच!" असं त्यांनी धरूनच ठेवलंय. स्वतः एसी लावत नाहीत. त्यांच्याकडे मी पितो त्यापेक्षा जास्त चहा घामावाटे बाहेर येतो.

यंदा कॉलेजनं त्यांना कळवलं होतं : वय त्रेसष्ट, गुडघे दुखरे, बर्फ बेभरवशाचा, मुलाखती व्हिडिओ कॉलवर घ्या.

"मफी! अजिबात नाही!" ताई कडाडल्या. "थंडी सोसते की नाही, दाखवतेच."

मी देखभाल करतो त्या उणे वीस अंशांच्या कोल्ड स्टोअरमध्ये त्यांना नेलं. तिथले रत्नागिरीचे इस्माईलभाई हादरलेच. "बाई, आत कोंबड्या ठेवतात, माणसां नाय!"

"कोंबड्यांची तक्रार आहे का काही?" म्हणत ताई जाडजूड कोट चढवून आत खोक्यावर जाऊन बसल्या. मीही गेलो, जॅकेट खुंटीलाच ठेवून. रोजचा माणूस मी, मला कसली थंडी! चौथ्या मिनिटाला मिशी कडक झाली, सहाव्याला मी दाराबाहेर.

"खलास? इतक्यात?" आतून आवाज आला. इस्माईलभाईंनी मला चहा पाजला आणि ताई बाहेर येईपर्यंत, म्हणजे तासभर, ते हसत होते.

परतताना गाडीत मी विचारलं, "ताई, एवढा हट्ट कशाला? व्हिडिओवर दिसतात की माणसं."

"तिथं एका म्हातारीकडे मी उतरते. तिच्या शेजारी नुसतं बसायचं. बोलायचं नाही, काही विचारायचं नाही. तिच्या लेखी तीच भेट. फोनवर गप्प बसले तर तिची नात म्हणते लाइन गेली, आणि ठेवून देते." ताई खिडकीबाहेर बघत होत्या. "माझ्याजवळ असं बसणारं दुसरं कुणी नाही रे."

"आणि कॉलेज?"

"बिनपगारी रजा टाकलीय, तिकीट काढलंय. काढू देत नोकरीवरून!"

माझ्या जिभेवर एक झकास विनोद आला होता. गिळला. घर येईपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

उतरताना ताई म्हणाल्या, "जमतंय तुला."