थर्ड पार्टीची पुरवणी

ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर माफ करा. शाळा चौथीत सुटली, आणि माझं अक्षर दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. पण गुलाबभाऊंबद्दल कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं, आणि तोंडाने सांगणं मला जमणारं नाही.

गुलाबभाऊ आमचे बल्लारपूरचे शेजारी. मधे फक्त एक कुंपण. त्यांना लग्नाची पत्रिका दिली तर ते नाव वाचत नाहीत. आधी ती उजेडाकडे धरतात, मग बोटांत चोळतात, मग वास घेतात. "माल चांगला हाय," म्हणतात, आणि त्यानंतर विचारतात, "लगन कोनाचं हाय?" सगळी नोकरी कागद कारखान्यात माल तपासण्यात गेली. रिटायर झाले, तपासणी सुरूच आहे. गल्लीतल्या निर्मलाबाईंच्या सासऱ्यांच्या तेरवीची पत्रिका आली तेव्हा ते सगळ्यांसमोर "हलका माल" म्हणाले. निर्मलाबाईंना वाटलं सासऱ्यांबद्दलच बोलले. आठ दिवस त्यांनी तोंड फिरवलं होतं.

दुसरं वेड कंपनीच्या मालाचं. कुकरची रिंग कंपनीची, गाडीची क्लचची तार कंपनीची. चपलेचा अंगठा तुटला तरी मोच्याला विचारतात, "कंपनीचा भेटन का?"

अशा माणसाच्या हाती माळा साफ करताना एका खेळाचा खोका लागला. त्यांचा मुलगा अमोल कॉलेजात असताना मित्रांबरोबर तो खेळ खेळायचा. तो पुण्याला नोकरीवर गेला आणि खोका इथेच राहिला. आत एक जाड इंग्रजी पुस्तक होतं आणि चित्रविचित्र फासे होते, एकाला तर वीस बाजू. गुलाबभाऊंनी पुस्तकाची पानं उजेडाकडे धरली. कागद पास झाला. मग डिक्शनरी घेऊन सहा महिने वाचलं आणि आम्हाला खेळायला बोलावलं.

खेळ म्हणजे एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. आपण काय करणार ते बोलायचं, आणि ते जमलं की नाही हे फाशावर ठरतं. दर रविवारी दुपारी, त्यांच्या ओसरीवर. गोष्ट सांगणार गुलाबभाऊ. खेळणार आम्ही तिघं. गॅरेजवाले पुंडलिकभाऊ योद्धा. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या निर्मलाबाई जादूगार. राक्षसालाही त्या आधी हात धुवायला लावतात. आणि मी चंद्री, जंगलात जडीबुटी गोळा करणारी.

मी चारचौघांत बोलत नाही. दुकानातसुद्धा बोट दाखवून सामान घेते. पण चंद्री बोलते. एकदा तिने भर दरबारात राजाला सांगितलं, "तुमचा न्याय मले पटला नाई." त्या दिवशी घरी येऊन मी दोन ग्लास पाणी प्यायले.

तीच चंद्री पुरात पडली. पुस्तकात नदी होती, पूर नव्हता. पाठीला टोपली बांधलेली बाई पुराच्या पाण्यात किती वेळ तग धरते, हे कुठेच सापडेना. गुलाबभाऊ नियम पाहिल्याशिवाय निकाल देत नाहीत. "अंदाजपंचे काम नाई," म्हणाले. त्यामुळे चंद्री तीन रविवार पाण्याखाली होती आणि मी ओसरीवर बसून शेंगा फोडत होते.

असं काही अडलं की ते म्हणतात, "हेड ऑफिसले विचारा लागते." हेड ऑफिस म्हणजे अमोल. फोन घेऊन ते मागच्या अंगणात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली जातात. तिथे रेंज येते म्हणे. पण पुराचं हेड ऑफिसलाही माहीत नव्हतं. जुन्या मित्राला विचारून सांगतो, म्हणाला.

शेवटी पुंडलिकभाऊंनी मोबाइलवर एक पुस्तक शोधलं. त्यात नद्या, पूर, दलदल सगळं होतं आणि शेवटी खेळणाऱ्यांच्या शंकांची उत्तरं होती. किंमत साडेचारशे. आम्ही तिघांनी दीडशे-दीडशे काढून दिले. गुलाबभाऊंनी ते लिफाफ्यात ठेवले. तेवढ्यात पुंडलिकभाऊ बोलून गेले, "हे मूळ कंपनीचं नाई हां भाऊ. दुसऱ्याइनं काढलेलं सप्लिमेंट हाय. थर्ड पार्टी."

गुलाबभाऊंनी चष्मा काढला.

"थर्ड पार्टी? थर्ड पार्टीत आपल्याले काईच भेटत नाई. रोडवर रानडुक्कर आडवं आलं मले, हँडल वाकला, गुडघा फुटला. इन्शुरन्सवाला म्हनते, तुमचं थर्ड पार्टी हाय, डुकराचं काई नुकसान झालं असन तं सांगा."

"भाऊ, थे गाडीचं. हे पुस्तक हाय."

"थर्ड पार्टी थे थर्ड पार्टी."

निर्मलाबाईंनी वेगळंच काढलं. "सप्लिमेंट म्हंजे पुरवणी ना? परीक्षेत पहिली वही भरल्याबिगर पुरवणी मांगतली तं सर देते काय? आपली वही भरली काय?"

हे गुलाबभाऊंना फार पटलं.

"लोकल पार्टनं बी गाडी चालते," पुंडलिकभाऊ म्हणाले. "बसला पाह्यजे फक्त."

"अन् नाई बसला तं? चंद्री जित्ती निघाली, अन् हेड ऑफिस म्हनन हे मंजूर नाई, तं तिले पुन्हा बुडवाचं काय?"

असं दोन रविवार चाललं. मग ठरलं, येत्या रविवारी मत घ्यायचं. पुंडलिकभाऊ घ्या म्हणणार, निर्मलाबाई नको म्हणणार. राहिली मी. माझं मत सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, बुडत होती ती माझीच बाई.

गुरुवारी त्यांचा स्टीलचा डबा परत द्यायला मी मागच्या बाजूने गेले. गुलाबभाऊ मुनग्याखाली खाटेवर बसून फोनवर बोलत होते.

"बेटा, एक डाउट हाय. बिमार मानसासाठी फासा एकदाच टाकाचा का दोनदा?"

हा नियम त्यांनी मागच्याच रविवारी आम्हाला वाचून दाखवला होता. दोनदा टाकायचा. लाल पेनने खाली रेघही मारली होती. पुस्तक आत्ता त्यांच्या मांडीवर उघडं होतं आणि बोट त्याच रेघेवर होतं. तिकडून मुलगा समजावत होता, आणि हे मान हलवत होते, "असं काय. असं हाय काय."

मग म्हणाले, "जेवला का? काय भाजी होती?" थोडं ऐकलं. "बरं बरं, कामात असशीन. ठेव." आणि लगेच, "थांब थांब, अजून एक डाउट हाय." बोट पान उलटायला लागलं.

मी डबा कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि चपला हातात घेऊन परत आले.

रविवारी गुलाबभाऊंनी विचारलं, "बाई, तुमचं काय?"

"त्याहीले काय विचारता," पुंडलिकभाऊ म्हणाले. "पाण्यातून निघाचं हाय त्याहीले. मी आजच मागवतो."

"पुस्तक नको," मी म्हटलं. हे चंद्री नव्हती बोलली.

"काऊन?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "थर्ड पार्टी हाय," मी म्हटलं.

पुंडलिकभाऊंनी कपाळाला हात लावला. गुलाबभाऊंनी समोरचं पुस्तक मिटलं. मग फोन उचलला. "थे पुराचं विचारून येतो. त्याचा दोस्त भेटला असन."

पाऊण तास झाला. आमच्या शेंगा संपल्या. निर्मलाबाईंनी टरफलंही झाडून टाकली. गुलाबभाऊ आले तेव्हा गालात हसत होते.

"काय म्हनलं हेड ऑफिस?" पुंडलिकभाऊंनी विचारलं.

"दिवाळीले चार दिवस अगोदर येतो म्हनते."

"अन् चंद्री?"

गुलाबभाऊ उभेच राहिले. "थे विचाराचं राह्यलंच."

"राहू द्या भाऊ," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी विचारा."

ते आत गेले, लिफाफा घेऊन आले आणि ज्याचे पैसे त्याला परत केले. पुंडलिकभाऊंनी न पाहता खिशात कोंबले, निर्मलाबाईंनी दोनदा मोजले. माझेही दीडशे मला पूर्ण मिळाले.