बन ठरेना, बैठक संपेना

"शुक्रवारपर्यंत एक खरी बैठक घेऊन दाखव तुझ्या प्रोग्रामवर," स्टेन म्हणाला. "आणि बैठकीत काहीतरी ठरलं पाहिजे. नाही ठरलं, तर पुसून टाकीन तो."

स्टेन हा विद्यापीठाच्या संगणक केंद्राचा प्रमुख. आमच्या स्वीडनमध्ये साहेबालाही नावानेच हाक मारतात, पण म्हणून साहेब मवाळ होतो असं नाही. गुनवोरने दोन वर्षं खपून हा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येकाने आपल्या टर्मिनलवर बसायचं, म्हणणं टाइप करायचं, सवडीने दुसऱ्याचं वाचायचं, आणि एका खोलीत न जमता बैठक उरकायची. सत्तरच्या दशकात हे ऐकून लोक गालातल्या गालात हसत. गुनवोरचा मात्र जीव अडकला होता त्यात.

तिने मुद्दाम सोपा विषय निवडला: शुक्रवारच्या कॉफीबरोबर बन कुठला, वेलदोड्याचा की दालचिनीचा?

"चुटकीसरशी ठरेल," ती शेजारच्या टेबलावरच्या स्वांतेला म्हणाली. "आपल्याकडे बैठकीत बोलतंय कोण?"

खोटं नव्हतं ते. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं, माना डोलवायच्या आणि कॉफी पिऊन उठायचं, ही आमची बैठक. पण टाइप करायला तोंड उघडावं लागत नाही, हे बाईंच्या लक्षातच आलं नाही! 'शुभ सकाळ'च्या पलीकडे कधी न गेलेल्या स्वांतेने वेलदोड्यावर तीन पानं लिहिली. त्यात त्याची आत्या आली, आत्याची भट्टी आली, भट्टी विकली तेव्हाचं रडणंही आलं. फोनच्या तारेवरून उत्तरेकडची विद्यापीठं जोडलेली होती, ती दालचिनीच्या बाजूने उतरली. दक्षिणेतल्या स्कोनेवाल्यांनी कळवलं की मुळात दोन्ही बाजूंना बन करता येत नाही.

इथवरही निभावलं असतं. पण आभार मानल्याशिवाय आमच्या लोकांना घास गिळवत नाही. 'आपल्या मताबद्दल आभार.' 'आभारांबद्दल आभार.' 'मागच्या वेळच्या आभारांचे आभार राहून गेले होते, तेही घ्यावेत.' आलेल्या आभारांना उत्तर न देणं म्हणजे घरी बोलावलेल्याला दारातूनच परत पाठवणं. ते कोण करणार?

बुधवारी केंद्राच्या संगणकाची डिस्क भरली. त्याच संगणकावर चाललेलं रसायनशास्त्र विभागाचं गणित अर्ध्यावर बंद पडलं आणि स्टेन लालबुंद होऊन आला.

"बन? माझी डिस्क बननं भरली?"

"बननं नाही रे," गुनवोर म्हणाली. "आभारांनी."

"आत्ताच्या आत्ता बंद कर ते!"

गुनवोरच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांची मेहनत, आणि गेली कशात, तर बनमध्ये! तिचा हात कळफलकाकडे गेला, तेवढ्यात मागून आवाज आला. स्वांतेचा. चक्क तोंडाने.

"असं कसं बंद करता येईल? सगळ्यांना विचारायला नको?"

एकट्याने हुकूम सोडणं म्हणजे आमच्यात बूट घालून दुसऱ्याच्या घरात शिरणं.

"बरं बाबा," स्टेन म्हणाला. "बोलवा सगळ्यांना."

"उत्तरेकडच्यांना आगगाडीत अख्खी रात्र काढावी लागेल," स्वांते म्हणाला. "स्कोनेवाल्यांना तर इथली कॉफीच चालत नाही."

"मग बैठक घ्यायची कुठे?" स्टेनने विचारलं.

सगळे टर्मिनलकडे बघत राहिले.

गुनवोरने थोडे आभार पुसून जागा करून दिली. स्टेन धुसफुसत बसला आणि दोन बोटांनी टाइप केलं: 'हा प्रोग्राम बंद करावा, असं माझं मत आहे.'

लगेच उत्तर आलं: 'स्पष्ट मताबद्दल आभार, स्टेन.'

स्टेन खाकरला. "उत्तर नाही दिलं तर बरं दिसणार नाही, नाही का?" असं म्हणून त्याने खुर्ची पुढे ओढली.

पुढच्या महिन्यात त्याने कुलगुरूंकडे दुप्पट मोठी डिस्क मागितली.

"कशाला हवी?" कुलगुरूंनी विचारलं.

"तो प्रोग्राम बंद करायचाय," स्टेन म्हणाला. "त्याचीच चर्चा चाललीय. माझं अजून पुष्कळ सांगायचं राहिलंय."