काळमेघांचं कपाट

काळमेघ कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत. दाराची कडी, खिडकीचा गज, कुलरचं स्टँड, जे लोखंडी दिसेल ते दोन बोटांनी हलवून बघत आणि विचारत, "हे निघते काय?" निघत असेल तर ते काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन जात. आठवड्याने परत आणून देत, तेव्हा ते पिस्त्याच्या रंगाचं झालेलं असे.

चंदिगडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही नऊ वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. मी एका केंद्र सरकारी ऑफिसात सेक्शन ऑफिसर, ते एका प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये तंत्रज्ञ. मी साताऱ्याचा, ते अमरावतीचे. गेल्या महिन्यात ते गेल्याचं कळलं. फोनवर तेव्हाचा एक शेजारी म्हणाला, "अच्छा, वही, जिनकी भट्ठी बंद करवाई थी." एवढीच ओळख उरली असेल तर तिच्यातला माझा वाटा मला सांगायला हवा. आता माझं वय एकोणऐंशी आहे.

काळमेघ घरी पावडर कोटिंग करत. ते म्हणजे काय, हे त्यांनी मला निदान पन्नास वेळा समजावून सांगितलं आणि दर वेळी माझा गोंधळ वाढला. वस्तूचा जुना रंग खरवडायचा, तिला तारेने टांगायचं, अर्थिंगची वायर जोडायची आणि बंदुकीने कोरडी पावडर उडवायची. पावडरीला वीज लागते म्हणून ती वस्तूला चिकटते. मग दोनशे डिग्रीवर भाजायचं.

"पण काळमेघ, यात पाणी कुठे? तेल कुठे?"

"नाई लागत जी. पीठच हाय फक्त."

"नुसत्या पिठाचा रंग कसा होईल?"

"साहेब, पिठाची भाकर नाई होत काय?"

भाकरीलाही पाणी लागतं. पण मी वाद घातला नाही. ते इतक्या खात्रीने बोलत की आपल्यालाच आपल्या भाकरीची शंका येई.

भट्टी म्हणजे काळमेघ वहिनींच्या लग्नातलं लोखंडी कपाट. आतले कप्पे काढून, चहूबाजूंनी उष्णता अडवणारी काचेची लोकर भरून, हीटर बसवून त्यांनी ते मागच्या अंगणात उभं केलं होतं. वहिनींच्या साड्या ट्रंकेत गेल्या. "माह्या बाबाचा आहेर हाय तो," त्या माझ्या बायकोला सांगत, "अन् आता त्यात लोकायच्या गाड्यायची चाकं भाजते हे." पण सांगताना त्या हसत. दारावरचा आरसा तसाच होता. त्यात बघून त्या भांग पाडत. आत चार चाकं भाजत असत.

बंदूक इंडस्ट्रियल एरियातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आली होती. पावडर दवाखान्याच्या खाटा बनवणाऱ्या दुसऱ्या एका कारखान्यातून. तिथे रंग बदलला होता आणि जुन्या रंगाची खोकी पडून होती.

"रंग कोणता देणार?" गिऱ्हाईक विचारी. गिऱ्हाईक म्हणायचं एवढंच. काळमेघ कुणाकडून चहापलीकडे काही घेत नसत.

"पिस्ता."

"और कौनसा है जी?"

"पिस्ता."

त्या वर्षांत गल्लीत दर महिन्याला कुणाकडे तरी कर्जावर नवी छोटी गाडी यायची. नव्या गाडीचं लोखंड तसं चांगलंच असतं. पण काळमेघ गाडीभोवती एक फेरी मारत, वाकून बघत आणि चुकचुकत. मालकाला उगाच काळजी लागे. रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात माणसांची रांग असे, कुणाच्या हातात टायर काढलेलं चाक, कुणाच्या बंपरची पट्टी. दोन वर्षांत आमच्या ब्लॉकची लाल, पांढरी, राखाडी अशी प्रत्येक गाडी पिस्ता चाकांवर धावू लागली. एक सरदारजी पंचकुल्याहून येत. त्यांनी चाकांपासून सुरुवात केली आणि शेवटी घराचं फाटक उचलून आणलं.

भट्टी चालू झाली की व्होल्टेज पडे आणि आमच्या टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसे. गोलंदाज धावत यायचा आणि खेळपट्टी पोस्टाच्या तिकिटाएवढी व्हायची.

काळमेघांचं खरं प्रेम मात्र अर्थिंगवर होतं. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून त्यांनी तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा पुरला होता. माती ओली नसेल तर पावडर धरत नाही, म्हणून रोज सकाळी आंघोळ झाली की तिथे बादलीभर पाणी. ओलेत्याने, हळूहळू, धार धरून. वरच्या मजल्यावरच्या सेठी आंटींनी हे महिनाभर पाहिलं आणि एके दिवशी तिथे झेंडूचं फूल आणि उदबत्ती ठेवून गेल्या. "काहून ठेवलं असन बाप्पा?" काळमेघ मला विचारत होते. मी आंटींना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाईसाब, मैंने तो आप लोगों की पूजा देखकर रखा." फूल मग रोज येत राहिलं.

मला स्वतःला काही कोट करायचं नव्हतं. माझ्या जुन्या गाडीच्या छतावर एक कॅरियर होतं, पाईपचं, चार पायांचं. काळमेघ येता-जाता ते हलवत. "निघते काय, साहेब?" असं दीड वर्ष चाललं. शेवटी कंटाळून मी ते काढून दिलं.

"पायातले रबर काढले ना जी? भट्टीत रबर चालत नाई."

"हो हो, काढलेत."

मी बघितलंसुद्धा नव्हतं. इतरांची वस्तू ते उलटीपालटी करून तपासत. माझी त्यांनी तपासली नाही. "साहेबानं सांगतलं म्हंजे झालं."

पुढच्या रविवारी पाडवा होता. माझे साहेब, अस्सल पंजाबी गृहस्थ, सपत्नीक पुरणपोळी खायला आले होते. माझ्या बढतीची फाइल त्यांच्या टेबलावर होती, म्हणून बायको पहाटेपासून राबली होती. पहिली पोळी पानात पडली आणि वास आला. टायर जळावा तसा, घसा धरणारा, काळा वास. साहेबांनी रुमाल नाकाला लावला, पोळीकडे पाहिलं, कटाच्या आमटीकडे पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, "सोनटक्के जी, ये आपके महाराष्ट्र का तड़का है?"

"नहीं सर, ये बाहर से…"

"नहीं नहीं, अच्छा है. थोड़ा स्ट्राँग है."

अर्धी पोळी खाऊन ते गेले. बायको रडली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी पहिलं काम केलं ते क्वार्टर्सच्या खात्याकडे अर्ज लिहायचं. राहत्या क्वार्टरमध्ये अनधिकृत भट्टी, विषारी धूर, स्फोटाचा धोका. स्फोट मी पदरचा घातला. खाली नाव नाही. 'एक त्रस्त रहिवासी'.

आठवड्याने नोटीस आली. काळमेघ ती घेऊन माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या घरात कशालाही हात न लावता बसले.

"साहेब, उत्तर लिवून द्या. तुमचं इंग्रजी फायलीचं हाय."

मी वाचल्यासारखं केलं. माझंच वाक्य होतं, स्फोटासकट.

"कुणी केला असेल अर्ज?" मी विचारलं. हे का विचारलं, ते मला अजून कळलेलं नाही.

"ज्यानं केला त्याले तरास झाला असन ना जी. त्याचं काय चुकलं?" मग त्यांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. "लिवा. त्या दिवशी भट्टीत रबर गेलं, म्हणून वास आला. तपासाचं माह्या हातून राह्यलं. पुन्हा होनार नाई."

"कसलं रबर?"

"क्यारियरच्या पायातलं. नळीत वर सरकून बसलं होतं."

"कुणाच्या कॅरियरच्या?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"ते नका लिवू जी," ते म्हणाले.

माझी अठ्ठावीस वर्षं फायलींत गेली होती. चूक लेखी कबूल केली की प्रकरण संपतं आणि माणूसही संपतो, हे मला पाठ होतं. 'वासाचा उगम निश्चित झालेला नाही' असं एक वाक्य टाकलं असतं तर ती फाइल चार वर्षं फिरली असती. पण मग चौकशी आली असती आणि चौकशीत कॅरियर कुणाचं, हा प्रश्न आला असता. मी त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं, सुवाच्य अक्षरात. त्यांनी सही केली, आभार मानले. संध्याकाळी वहिनींनी पाटवडीची वाटी पाठवली. ती मी खाल्ली.

'आपल्या लेखी कबुलीवरून' अशा शब्दांनी सुरू होणारा आदेश आला. पंधरा दिवसांत भट्टी काढा. चौदाव्या दिवशी त्यांनी शेवटची भट्टी लावली. तिच्यात एकच वस्तू होती. ती घेऊन ते आले, स्वतः माझ्या गाडीच्या छतावर चढवली आणि चारही पाय ठोकून पाहिले.

"रबर नवे टाकले. या खेपेले मीच पाह्यले."

एवढंच. त्यात टोमणा होता की नाही, यावर मी वीस-बावीस वर्षं विचार करतो आहे.

कपाट पुन्हा कपाट झालं. साड्या आत गेल्या. रविवारी अंगण रिकामं असे. आता कळतं की नऊ वर्षांत चाक किंवा कडी हातात असल्याशिवाय त्यांच्या घरी कुणी आल्याचं मला आठवत नाही. त्यांचा मुलगा बंगलोरला, फोनवर तो हिंदीत दोन वाक्यं बोलायचा. अंगणातली बादली मात्र चालूच राहिली. रोज सकाळी, ओलेत्याने, धार धरून.

"काळमेघ, आता कशाला?" मी एकदा भिंतीवरून विचारलं.

"अर्थिंग वाळू नाई द्याव लागत. कोनी काई घिऊन आलं, तं?"

दोन वर्षांत कुणी काही घेऊन आलं नाही. मीही नाही. काय नेणार होतो?

मी निवृत्त झालो. निघायच्या सकाळी पिस्ता कॅरियरवर बॅगा बांधायला तेच आले. बायको वहिनींना भेटायला आत गेली होती. आता सांगून टाकावं म्हणून मी जवळ गेलो.

"काळमेघ, तो अर्ज…"

"गाठ ढिली हाय जी," ते म्हणाले आणि दोरी सोडून पुन्हा बांधू लागले. बराच वेळ बांधत होते. मग कॅरियर दोन बोटांनी हलवून पाहिलं. हललं नाही. "आता नाई निघत. जा तुमी. येळ झाली."

बायको आली. गाडी सुरू केली, वळणापर्यंत आलो आणि आरशात पाहिलं. काळमेघ फाटकात नव्हते. फाटकाच्या आत, कोपऱ्यात, बादली वाकडी धरून उभे होते.