टॅपेट कव्हराला हळद लागली

"बॉनेट उघडीन आणि व्याह्यांना सांगीन, या, इंजिनात बघून मिशा विंचरा!"

लेकीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी देवरामनं हे अख्ख्या गावासमोर जाहीर करून टाकलं. बोलायला काय जातंय? पण देवराम नुसता बोलून थांबणारा माणूस नव्हता, तो लगेच करायला निघायचा. घरच्यांची खरी अडचण तीच होती.

गाडी होती चोपन्न सालची मॉरिस. देवरामचा बाप तानसाकडच्या एका शेठचा ड्रायव्हर होता. शेठ परदेशात मुलाकडे राहायला गेला आणि जाताना गाडी ड्रायव्हरलाच देऊन गेला. बाप वारल्यावर ती बारा वर्षं पडवीत पेंढ्याखाली पडून होती. लेक अक्षदा लहानपणी तिच्यात बसून तोंडानं हॉर्न वाजवायची आणि म्हणायची, "आबा, मी सासरी जाईन तर आजाच्या गाडीतून!" आता अठ्ठ्याण्णव सालच्या वैशाखात तिचं लग्न शहापूरला ठरलं, तेव्हा देवरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. एकुलती एक पोर! तिनं बापाकडं दुसरं काही मागितलंच नव्हतं.

केरू म्हणजे देवरामचा शाळेपासूनचा दोस्त, मुरबाडच्या कंपनीत फिटर. त्यानं बॅटरी घातली, प्लग बदलले, टाकी धुतली आणि तिसऱ्या दिवशी गाडी खोकत खोकत चालू केली.

"झालं. आता हिला हात लावू नको," केरू म्हणाला.

"हात लावू नको? अरे, अजून इंजिन कुठं चमकलंय!"

मग देवराम जो सुटला! घासलेटचा डबा, दात घासायचे पाच ब्रश, तुसाची राख. तांब्याची पेट्रोलची नळी चिंच लावून घासली. ती चिंच लग्नाच्या आमटीची होती, हे नंतर कळलं. बायको सकुबाई कालथा घेऊनच बाहेर आली.

"वऱ्हाडाला काय नळी चाटायला देणार हाव?"

"अगो, बघ तरी कशी सोन्यावानी झालेय!"

सगळं चकचकीत झालं. राहिलं एक टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं लांबट पत्र्याचं झाकण. त्याचा मूळचा हिरवा रंग पार उडाला होता. मुरबाडच्या दुकानात हिरवा ऑइलपेंट संपला होता. दुकानदार म्हणाला, शेंदरी घ्या, उठून दिसेल. देवरामनं घेतला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी एकावर एक तीन जाड हात मारले.

आता ते वाळवायचं कुठं? अंगणात मांडव पडत होता, धूळ उडत होती, कोंबड्या हिंडत होत्या. पण देवरामचं डोकं चाललं! वेशीवर करंजाच्या झाडापलीकडं, भर उन्हात, वाघोबाचा चौथरा होता. वाघोबा आणि त्याचे सहा सोबती, असे शेंदूर फासलेले सात दगड तिथं ओळीनं बसलेले.

"तिथं ठेवतो," देवराम केरूला म्हणाला. "देवाच्या जागेवरच्या वस्तूला गावात कुणी हात लावत नाय!"

आणि त्यानं शेवटच्या दगडाशेजारी कव्हर छान आडवं टेकवून ठेवलं. त्याला बोल्टांची दोन भोकं होती, ती समोरून अगदी डोळ्यांसारखी दिसत होती. देवराम खूश होऊन घरी आला.

दुपारी चारला तो केरूला घेऊन कव्हर आणायला गेला आणि जागच्या जागी थिजला. आठही देव हळदीनं पिवळे झाले होते! कव्हराच्या डोळ्यांवर कुंकू, डोक्यावर तेल, पुढं नारळ, वर झेंडूची माळ. लग्नाआधी हळद, तेल आणि अक्षता नेऊन वेशीवरच्या देवांना आमंत्रण द्यायचं, ही गावाची रीत. लग्नघरच्या बायका दुपारी येऊन ती पार पाडून गेल्या होत्या. देव कोण मोजत बसतंय?

देवराम हात पुढं करतो तोच मागून आवाज आला, "ए! हात लावू नको!"

गावचा भगत चांगो होता. त्याच्यामागं सकुबाई, विसरलेलं तेलाचं भांडं न्यायला आलेली.

"अगो, हे आपल्या गाडीचं टॅपेट कव्हर हाय!" देवराम ओरडला.

सकुबाईनं एकदा कव्हराकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "व्हतं. आता हळद लागली," ती म्हणाली.

"पत्रा हाय तो, पत्रा!"

"मग बाकीचे सात काय होते?" चांगोनं विचारलं. "दगडच ना? तुमच्याच घरच्या बायकांनी अक्षता देऊन बोलावलंय त्याला. लग्नाला बोलावलेला पाहुणा आदल्या दिवशी उठवणार? पोरीचं लग्न हाय की खेळ?"

पोरीचं नाव निघाल्यावर देवराम दोन पावलं मागं सरला. त्यानं केरूचा दंड धरला आणि त्याला बाजूला नेलं. "केरू, तू बुद्धाचा माणूस. तुझ्या घरात हे वाघोबा-बिघोबा काय नाय. तू घे की उचलून!"

"वा रे वा! मी मानत नाय, म्हणून काय तुमच्या देवाला हात लावून गावभर भांडण लावू? तुझा देव, तूच बघ!"

"कव्हराशिवाय गाडी चालंल?"

"चालंल की. ऑइल उडंल, बॉनेटमधून धूर निघंल आणि नवरीचा शालू सासरी पोचेपर्यंत काळा होईल."

मग शेवटचा उपाय म्हणजे कौल! देवाला दोन्ही बाजूंनी फुलाची पाकळी चिकटवायची, उजवी पडली तर हो, उचला; डावी पडली तर नाय. बघता बघता अर्धं गाव जमलं. चांगोनं कण्हेरीच्या दोन पाकळ्या कव्हराच्या दोन बाजूंना लावल्या आणि हात जोडले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. अर्धा तास गेला. पाकळ्या हलायला तयार नाहीत!

"देव इचार करतोय," चांगो म्हणाला.

देव कसला विचार करतोय! तीन हातांचा जाडजूड ऑइलपेंट, वरून बायकांनी ओतलेलं तेल, रंग अजून चिकट होता. देवराम रडकुंडीला आला. त्यानं हळूच फुंकर मारली. चांगोनं डोळे वटारले. सिद्धगडाकडून वारा सुटला, करंजाची पानं झडझडून खाली आली, बाकीच्या सात देवांवरची फुलंसुद्धा उडाली. आठव्याची एकही पाकळी हलली नाही! बायकांनी तिथंच साष्टांग नमस्कार घातले. असला खंबीर देव गावानं आजवर पाहिला नव्हता.

दिवस मावळायला आला तेव्हा चांगोनं निकाल दिला. "दोन्ही पाकळ्या धरून बसलाय. म्हणजे त्याला दोन्ही करायचंय. लग्नाला हितं बसायचंय आणि नवरीसंगं शहापूरलाही जायचंय. उद्या अक्षता पडल्या की वाजतगाजत उचला आणि वाहनात बसवा."

देवरामनं आनंदानं उडीच मारली! शेवटी गाडीत बसणार म्हणजे बसणारच ना कव्हर!

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, जेवणं उठली आणि ताशा वाजवत आठवा देव मांडवात आला. केरूनं पाना घेऊन बोल्ट आवळले. "पाकळ्या काढू नको!" "हळद पुसू नको!" असं चारी बाजूंनी गाव ओरडत होतं. देवरामनं चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली! ना खोकला, ना धूर. व्याही बॉनेटवर वाकले आणि, मिशा राहिल्या बाजूला, त्यांनी हात जोडले.

देवरामनं ऐटीत मागचं दार उघडलं. "ये गो अक्षदा! बस!"

"थांब!" चांगो आडवा आला. "देवाच्या वाहनात माणूस बसतो काय?"

"अरे, मग गाडी न्यायची कशी?"

"तू बस. तू पुजारी. चपला काढ."

देवरामनं व्याह्यांकडं बघितलं, सकुबाईकडं बघितलं. सगळ्यांच्या माना चांगोच्या बाजूनं हलत होत्या. अक्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं अनवाणी, गळ्यात देवाच्या वाट्याची माळ घातलेला, हिरमुसला बाप बघितला आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. "जाऊ द्या आबा, मी येते तुमच्या मागून!" म्हणत ती नवऱ्याबरोबर वऱ्हाडाच्या टेम्पोत चढली.

नारळ मांडीवर घेऊन देवराम एकटाच निघाला. पुढं फुलांनी सजलेली मॉरिस, मागं टेम्पोत खिदळणारी नवरी. वेशीपाशी पोचल्यावर त्याला आरशात लेक दिसली आणि त्याचा बांधच फुटला. पोर चालली, शब्द गेला! तो ढसाढसा रडायला लागला.

वाटेत वैशाखरे गावच्या नाक्यावर बायका नवरी बघायला गोळा झाल्या होत्या. सजवलेली गाडी थांबताच बायकांतली म्हातारी हिरी पुढं धावली आणि तिनं कौतुकानं आत डोकं घातलं. आत मांडीवर नारळ, गळ्यात माळ आणि डोळे पुसत बसलेला पंचावन्न वर्षांचा देवराम!

"अगो बाय!" हिरी मागं वळून ओरडली. "शहापूरवाल्यांनी बघून घेतली का नाय नवरी?"